शनिवार पेठेतलं एक मत

मधू,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी भर सभेत तुझी चूक काढली. तसं काही करायचं मनात नव्हतं. तुझी प्रज्ञा बोलायला उभी होती. पोरगी मोठी धीराची, एकदाही आवाज कापला नाही. बोलता बोलता म्हणाली, "बाबा लोकसभेला पडले, पण मिळालेली मतं त्यांना शेवटपर्यंत पाठ होती. हजारांचा आकडा सांगून झाला की वरचे अठ्ठेचाळीस ते जरा थांबून सांगायचे." आणि तिसऱ्या रांगेतून मी म्हणालो, "सत्तेचाळीस."

सवय रे, नऊ वर्षांची सवय. विहारातली सगळी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. एका गृहस्थांनी तर असं पाहिलं की मी शनिवार पेठेतून आलोय हे त्यांना तेवढ्यावरूनच कळलं असावं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण शांतावहिनी हसल्या. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. तू गेल्यापासून आई पहिल्यांदा हसली, असं प्रज्ञा मला नंतर म्हणाली.

हजारांबद्दल आपलं कधीच दुमत नव्हतं. भांडण होतं ते शेवटच्या एका मताचं. सरकारी कागदावर सत्तेचाळीस आणि तुझ्या तोंडी अठ्ठेचाळीस. मी वर्तमानपत्राचं कात्रण आणून दाखवायचो, तू ते चष्मा न लावता बघायचास आणि म्हणायचास, "छपाईची चूक."

निघताना प्रज्ञानं माझ्या हातात एक निळी फाइल ठेवली. "बाबांनी सांगून ठेवलं होतं काका, ही फक्त सदाकाकाला द्यायची. आम्ही उघडून पाहिलेली नाही." ती फाइल आता माझ्या टेबलावर आहे आणि मीही अजून उघडलेली नाही. फाइलच्या नाडीला हात लावतो आणि मागे घेतो. तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, मधू. ती सांगितल्याशिवाय तुझी फाइल उघडायला मन धजत नाही. नऊ वर्षं वेळ होता तेव्हा मी गप्प बसलो आणि आता कागद घेऊन बसलोय. माझं सगळं असंच असतं, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत?

टेलिफोन खात्यात आपण एकाच आठवड्यात लागलो. तू खांबावर, मी तक्रारींच्या टेबलावर. बाकीचे लोक तार जोडली की वहीत 'दुरुस्त' लिहायला सांगून मोकळे व्हायचे. तू मात्र ज्याच्या घरचा फोन बंद असेल त्याच्याच घरून मला फोन लावायचास. "सदा, ऐकू येतंय का?" "येतंय." "मग लिही." तुझा आवाज त्या तारेतून माझ्या कानावर पडल्याशिवाय तू मला 'दुरुस्त' लिहू द्यायचा नाहीस. मी एकदा वैतागून म्हणालो, अरे, नाही चालला फोन तर तो माणूस परत बोंबलेल की! तू म्हणालास, "कशावरून बोंबलेल? फोनवरून?"

त्याच वर्षांतली एक दुपार मी कधी विसरलो नाही. तूही विसरला नव्हतास, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या गल्लीत काम निघालं म्हणून तू घरी आलास. आईनं चहा केला. मला रोजच्या कपात दिला आणि तुला खिडकीतली निळ्या फुलांची कपबशी काढून तिच्यात. पाहुण्यांची म्हणून काढली असेल, असं तुला वाटलं असेल असं मी स्वतःला समजावलं. तुला तसं वाटलं नसणार. तुला पहिल्या घोटालाच कळलं असणार. चहा संपवून तू ती कपबशी स्वतः मोरीत नेऊन विसळलीस आणि खिडकीत, आईनं जिथून काढली होती तिथेच, पालथी घातलीस. मी पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. पुढे आई बदलली, असं मी लोकांना सांगतो. खरी गोष्ट अशी की आई म्हातारी झाली आणि कपबशा सुनेच्या ताब्यात गेल्या.

तरीही तू येत राहिलास. का येत राहिलास हे मी तुला कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली असेल.

निवृत्त झालो तेव्हा आपल्या खांबांना कुणी विचारत नव्हतं. भाजीवालीच्या कमरेलाही मोबाइल लटकत होता. येरवड्यात तुझ्या वस्तीसमोर काचेची सहा मजली इमारत उभी राहिली, तिच्यासमोर हिरवंगार गवत आलं, आणि त्या गवतावर सकाळ-संध्याकाळ पाण्याचे फवारे उडायला लागले. वस्तीच्या नळाला पाणी एक दिवसाआड. प्रज्ञाला नोकरी लागली तीही नेमकी त्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर. पेढे द्यायला तू माझ्याकडे आलास आणि पेढ्याबरोबर गवताची तक्रारही घेऊन आलास. "पोरगी वरून पाणी बघते, आई खालून," म्हणालास. तुला अभिमान जास्त होता की राग, हे मला तेव्हाही ओळखता आलं नव्हतं.

एका सकाळी तू दारात उभा. "सदा, दहा सूचक लागतात. नऊ झालेत."

"कशाला?"

"लोकसभेला."

मी तुला आत बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं की नळासाठी नगरसेवक असतो, गवतासाठी आयुक्त असतो, लोकसभेत देशाचे प्रश्न असतात. तू म्हणालास, "खडकवासल्याचं धरण देशात नाही?" मी म्हणालो, तसं नव्हे. "मग नळ देशाबाहेर आहे?" तसंही नव्हे रे, प्रत्येक गोष्टीची एक जागा असते. "ते माहितीये मला," म्हणालास, "खिडकीत."

मी दहावा सूचक झालो. निवडणूक प्रतिनिधीही मीच झालो, कारण खात्याचे फॉर्म भरायची मला हौस होती आणि तुझ्याकडे दुसरा माणूस नव्हता. जागेचा तो वाद मात्र आपला मिटला नाही. मला अजूनही वाटतं की तू महापालिकेलाच उभं राहायला हवं होतंस. पण आता हे मी कुणाशी भांडणार?

चिन्ह मागायची वेळ आली तेव्हा पहिल्या पसंतीच्या रकान्यात तू 'कपबशी' लिहिलंस. का, म्हणून विचारलं तर म्हणालास, "घराघरात असते." परतताना मी स्कूटर चालवत होतो आणि तू मागे बसला होतास. संगमपुलावर तू माझ्या कानाशी वाकून विचारलंस, "तुझ्या आईची ती निळ्या फुलांची आहे का रे अजून? पत्रकावर बरी दिसली असती."

मला मागे वळून बघता येत नव्हतं, ते बरंच झालं. मी म्हणालो, "फुटली." खरंच फुटली होती. तू म्हणालास, "असू दे. आपण दुसरी आणू." पुढे सिग्नल लागला आणि तू सिग्नलबद्दल बोलायला लागलास.

तुझं ते पत्रक! पुढच्या बाजूला कपबशी, तुझं नाव आणि एकच ओळ, 'त्या गवताचं नाव मतदार यादीत आहे का?' मागची बाजू कोरी. लोकांनी तिथे आपले प्रश्न लिहून द्यायचे आणि तू ते दिल्लीत विचारायचे. त्यात तुझा आणखी एक नियम, मतदाराला चहासुद्धा पाजायचा नाही. चिन्ह कपबशी आणि चहा बंद! येरवड्यात लोक हसून हसून बेजार झाले. आमच्या पेठेत मात्र त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लिमये राहतात. त्यांच्या दारात आपण उभे होतो ते आठवतं? पत्रक त्यांनी उलटसुलट केलं आणि विचारलं, "मागं काहीच कसं नाही?"

"तुमचा प्रश्न लिहायला जागा ठेवलीय."

"आणि पेन?"

तू खिशातलं पेन काढून दिलंस. त्यांनी ते घेतलं, "बरं" म्हणाले आणि दार लावलं. पत्रकही गेलं आणि पेनही गेलं. जिना उतरताना तू म्हणालास, "हा माणूस मत देणार बघ. उगाच कुणी पेन घेत नाही."

काही लोक येऊन तुला दरडावून गेले होते, समाजाची मतं फोडायला उभा राहिलास म्हणून. तू त्यांना मागची कोरी बाजू पुढे केलीस, "लिहा." त्यांनी काही लिहिलं नाही. त्या दिवशी मी घाबरलो होतो. तूही घाबरला होतास. पण दुसऱ्या दिवशी आठ वाजता तू पत्रकांचा गठ्ठा काखोटीला मारून हजर होतास.

आता मतदानाचा दिवस. ती गोष्ट ही आहे.

सकाळी उठून आधी मत द्यायचं आणि मग निघायचं, हे कुठलाही शहाणा माणूस करतो. मी निवडणूक प्रतिनिधी! मी गळ्यात ओळखपत्र अडकवून सात वाजता येरवड्यात. म्हटलं, आपलं मत कुठे पळून जातंय, दुपारी गर्दी ओसरली की देऊ. दुपारी एका केंद्रावर भांडण लागलं, ते मिटवलं. मग तुझ्या गल्लीतल्या सोनाबाई भेटल्या. सत्तरी उलटलेली बाई उन्हात शाळेच्या पायरीवर बसून होती. यादीत नाव नाही म्हणून तिला परत पाठवलं होतं. "एवढ्या वरसात येकदाबी चुकवलं न्हाई मी," म्हणत होती. मी याद्या चाळल्या. नाव सापडलं, पण नगर रस्त्याच्या पलीकडच्या शाळेत. बाईंना स्कूटरवर बसवलं. अर्ध्या वाटेत त्यांना आठवलं की कार्ड घरी राहिलं. परत फिरलो. कार्ड पिठाच्या डब्यात होतं. पुन्हा निघालो, रांग लावली, बाईंनी मत दिलं, बोट मला दाखवलं आणि शाळेच्या फाटकाशी हळूच म्हणाल्या, "मधूला सांगू नगा हां. म्या आपलं न्येहमीचंच बटन दाबलं."

मी म्हणालो, "अहो, पण मधू तुमच्या गल्लीतला!"

"म्हनून तर! त्यो दिल्लीला ग्येला तर हितं आमचा नळ कोन बघनार?"

त्यांना घरी सोडून मी सुटलो तो पुलावर अडकलो. मतदानाच्या दिवशी एवढी वाहनं कुठे जातात देव जाणे, मतदानाला तर नक्कीच नाही. आमच्या शाळेपाशी पोहोचलो तेव्हा फाटक लावून झालं होतं. मी ओळखपत्र दाखवलं. पोलीस सज्जन होता. म्हणाला, "काका, तुम्ही उमेदवाराचे प्रतिनिधी, तुम्हाला तरी वेळ माहीत पाहिजे." आत ट्यूबलाइटखाली लोक यंत्रं बंद करून मोहोर लावत होते. मी फाटकाचे गज धरून थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. तुझ्या प्रचारात दीड महिना घसा फोडून मी लोकांना सांगत होतो की एकेक मत मोलाचं आहे. माझं एक मत तेवढं माझ्याच्यानं झालं नाही. माझ्या स्कूटरवरून मी तुझ्या विरोधातलं एक मत मात्र नीट पोहोचवून आलो होतो.

तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. सोनाबाईंचं ते वाक्य ऐकून तू आठवडाभर हसला असतास. पण येरवड्यात परत आलो तर तू सगळ्यांची बोटं बघत बसला होतास. वहिनींचं बोट, प्रज्ञाचं बोट, शेजारपाजाऱ्यांची बोटं. मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात थांबून डाव्या तर्जनीला पट्टी गुंडाळली आणि मगच तुझ्यासमोर आलो. "दिलंस ना?" तू विचारलंस. "म्हणजे काय!" मी म्हणालो. "आणि बोटाला काय झालं?" "स्टँडमध्ये सापडलं." तू माझा हात हातात घेऊन पट्टीकडे पाहिलंस. वहिनींना हाक मारून हळद आणायला सांगितलीस. मी म्हटलं, नको, औषध लावलंय. शाई महिनाभर टिकते, त्यामुळे माझी जखमही महिनाभर बरी होईना. माझी बायको तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला बंगलोरला होती, नाहीतर तिनं पहिल्याच दिवशी पट्टी ओढून काढली असती.

मतमोजणी झाली. एवढी टेबलं बघायला आपल्याकडे माणसंच नव्हती. कुठल्या पेठेत काय झालं कुणाला ठाऊक. शेवटी एकूण आकडा काय तो कानावर आला. अनामत गेली. तू बाहेर झाडाखाली बसून शेंगदाणे खात होतास. मी आकडा सांगितला तर म्हणालास, "एवढ्या लोकांनी?" मला वाटलं तू टोमणा मारतोयस. तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं तर डोळे भरले होते. मग म्हणालास, "सदा, ही माणसं कोण आहेत? मला त्यांना भेटायचंय."

पडलेला उमेदवार महिनाभर तोंड दाखवत नाही, ही जगाची रीत. तू केंद्रनिहाय यादी मिळवलीस. कुठल्या केंद्रावर किती मतं, सगळं त्यात. मी हात पुढे केला तर तू ती पाठीमागे लपवलीस. "मतदान गुप्त असतं," म्हणालास. आणि मग दर रविवारी सकाळी एक मोठा थर्मास, पिशवीभर कपबशा आणि मी. तक्रार बंद करण्याआधी तुला त्या त्या घरून फोन लावून बघायचा होता, दुसरं काय. ज्या केंद्रावर तुला मत मिळालं, त्या शाळेसमोर तू उभा राहायचास आणि मोठ्यानं म्हणायचास, "मी कपबशीवाला मधुकर. इथल्या तीन मतदारांचे आभार मानायला आलोय. आता मतदान झालंय, आता चहा चालतो." पर्वतीच्या पायथ्याशी तीन मतं होती आणि चहाला अकरा जण आले. "बघ," तू मला म्हणालास, "निवडणुकीनंतर माझा पाठिंबा वाढतोय."

लोक येऊन बसायचे, प्रश्न सांगायचे, शिव्या द्यायचे, आणखी अर्धा कप मागायचे. मी माझ्या आयुष्यात एवढा चहा कधी वाटला नाही आणि एवढा खूशही कधी नव्हतो. हे मी तुला कधी बोललो नाही, आज बोलतो. निवृत्तीनंतर मी घरात भिंतीकडे तोंड करून बसणारा माणूस होतो. तू मला स्कूटर बाहेर काढायला लावलीस आणि सबंध पुणं दाखवलंस, ज्या पुण्यात मी जन्म काढला आणि जे मला फक्त फोन नंबरांनी माहीत होतं.

आमच्या शाळेची पाळी शेवटच्या रविवारी आली. मी आदल्या दिवशी ताप आल्याचं सांगून बघितलं. तू थर्मास घेऊन घरी आलास, कपाळाला हात लावलास आणि "चल" म्हणालास. शाळेसमोर तू उभा राहिलास. तू हातातल्या यादीत पाहिलंस, बराच वेळ पाहिलंस आणि म्हणालास, "इथल्या एका मतदाराचे आभार."

मधू, मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे कुणीतरी एक दिलदार आमच्या पेठेत निघाला होता. तुला वाटणार, तो सदा. माझी अब्रू वाचली. तू कपात चहा ओतलास आणि कपबशी हातात धरून थांबलास. कुणी आलं नाही. एका गॅलरीतून कुणीतरी डोकावून बघितलं आणि खिडकी लावून घेतली. मग तू ती कपबशी माझ्यापुढे केलीस. "घे. गार होतोय." मी घेतली. दुसऱ्या कुणाच्या मताचा चहा मी प्यायलो आणि वर म्हणालो, "साखर कमी आहे."

"पुढच्या वेळी जास्त घालू," तू म्हणालास. माझ्या हातातून रिकामी कपबशी घेतलीस, बाटलीतल्या पाण्यानं विसळलीस आणि बाकीच्या कपबशांत ठेवून दिलीस.

त्या दिवसापासून तो एक मतदार मी शोधतोय. माझा संशय लिमयांवर. तू म्हणाला होतास ना, उगाच कुणी पेन घेत नाही. त्यांचा चहा मी प्यायलो ही गोष्ट मला टोचत राहिली. म्हणून दर दिवाळीला त्यांच्याकडे अनारसे पाठवत आलो. त्यांची गाडी माझ्या जागेत लावलेली दिसली तरी बोललो नाही. लिमये इतके बुचकळ्यात पडले की त्यांनी एकदा बायकोला विचारलं म्हणे, "हा माणूस आपल्याकडे काही मागणार आहे का?"

दवाखान्यात शेवटचे चार दिवस मी रोज येत होतो. तिसऱ्या दिवशी वहिनी खाली गेल्या होत्या, आपण दोघंच होतो. तुझा आवाज पार खाली गेला होता. तू विचारलंस, "सदा, काही सांगायचंय का?" इतकं सरळ विचारलंस. मी तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? "तुझी मतं सत्तेचाळीसच होती." तू डोळे मिटून हसलास. "अठ्ठेचाळीस," म्हणालास. आपलं शेवटचं बोलणं तेवढंच झालं. चौथ्या दिवशी तू बोलत नव्हतास.

तर हे सांगायचं होतं. मी तुला मत दिलं नव्हतं. बोटाला काही झालेलं नव्हतं. आता फाइल उघडतो.

उघडली.

यादीच आहे, पानं पिवळी पडलीत. सगळी केंद्रं ओळीनं, प्रत्येक उमेदवाराचा रकाना, कपबशीच्या रकान्याला तू रेघ मारलीयस. पर्वती, तीन. येरवड्याची पानं तर मोठ्या आकड्यांनी भरलेली, तिथे तू कडेला घरांची नावं लिहिलीयस. आमच्या शाळेचं पान दुमडून ठेवलंयस. खोली क्रमांक दोन, माझी खोली. कपबशीच्या रकान्यात छापलंय, शून्य.

त्या शून्यावर निळ्या पेनानं काट मारून तुझ्या अक्षरात 'एक' लिहिलंय. पुढे तक्रारवहीत मी लिहायचो तो शब्द, तोही तुझ्या अक्षरात. 'दुरुस्त.' शेवटच्या पानावर बेरजेतला साताचा आकडा खोडून आठ केलाय. बाकी काही नाही. चिठ्ठी नाही, टोमणा नाही.

म्हणजे आमच्या शाळेसमोर उभा राहून तू यादीत बराच वेळ बघत होतास तो हे शून्य बघत होतास. माझी पट्टी तर तुला पहिल्याच दिवशी कळली असणार. हळद मागवलीस ती तरीही. आणि कपबशी हातात धरून तू थांबलास तो कुणाची वाट बघत नव्हतास. मी काही बोलतो का, एवढंच बघत होतास. मी साखरेबद्दल बोललो.

खूप वेळ झाला, मी इथे बसून आहे. आत बायकोला वाटतंय मी लिहितोय. लिमयांना पाठवलेले अनारसे आता काही परत मागता येत नाहीत. उद्या वहिनींकडे जाईन, त्यांना आणि प्रज्ञाला सगळं सांगेन, सोनाबाईंच्या बटणासकट. चहा मात्र मी करीन. तुझ्या पिशवीतल्या कपबशा असतीलच घरात.

आणि तिसऱ्या रांगेतून बोललो ते मागे घेतो. तुझा आकडा बरोबर होता. अठ्ठेचाळीस, मधू. अठ्ठेचाळीस.

ऐकू येतंय का?